मुख्य कार्यकारी कोणी निवडावा?

(भंडारा येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची निवड’ असा विषय वाचनालयाच्या फलकावर लिहिलेला पाहून आज सकाळपासून तिघांनी मला वाटेत थांबवून विचारले, “सर, आता नवीन कोण येऊन राहिले?” आपल्या जिल्ह्यात या पदनामाचा उच्चार झाला की जिल्हा परिषदेची इमारतच डोळ्यांपुढे उभी राहते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी बोलणार आहे ते व्हिडीओ गेम बनविणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांविषयी. परंतु हा गैरसमज मला उपयोगाचा वाटला, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासन नेमते. साकोलीच्या किंवा पवनीच्या मतदाराला त्यात काही विचारले जात नाही. तथापि १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यात एक तरतूद आहे: निवडून आलेल्या सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांनी खास सभेत तसा ठराव केला, तर शासनाला त्या अधिकाऱ्यास परत बोलवावे लागते. हा अधिकार क्वचित वापरला जातो, आणि वापरला जातो तेव्हा त्यामागील कारणे उदात्तच असतात असेही नाही. पण अधिकार आहे. ज्यांच्यावर कारभार चालतो त्यांच्या प्रतिनिधींना ‘हा गृहस्थ आम्हांला नको’ असे म्हणण्याची जागा कायद्याने ठेवलेली आहे. आजच्या माझ्या विषयात नेमकी हीच जागा कोठे सापडत नाही.

मी अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा उद्योगधंदा म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, वरठीचा पोलादाचा कारखाना, जवाहरनगरचा आयुध कारखाना, आणि घराघरांतील विड्यांची सुपे येत. व्हिडीओ गेम हा उद्योग आहे, त्यात हजारो माणसे राबतात, हे मला विद्यार्थ्यांनी शिकविले. या उद्योगाचे एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्यासारखे आहे. खाणीचा व्यवस्थापक नालायक निघाला तरी खनिज जमिनीत शिल्लक राहते; पुढचा येऊन ते काढील. गेमच्या कंपनीत जमिनीत काही नसते. कच्चा माल जवळजवळ नाही, यंत्रसामग्री म्हणजे टेबलावरचे संगणक. संहिता लिहिणारा, चित्र काढणारा, आवाज देणारा आणि तयार झालेला खेळ हजार वेळा खेळून त्यातील दोष शोधणारा, या माणसांचा वेळ हीच कंपनीची सारी मालमत्ता. आणि ती मालमत्ता संध्याकाळी आपापल्या घरी जाते. अशा धंद्यात प्रमुखपदी कोण बसतो याला कारखान्यापेक्षाही अधिक महत्त्व आहे. आणि निवडीत ज्यांचा शब्द चालत नाही, तेही नेमके हेच लोक.

माझा एक विद्यार्थी लाखांदूर तालुक्यातील. घरी तीन एकर धानाची शेती. पदवी घेतल्यावर संगणकाचा अभ्यासक्रम करून तो मुंबईच्या बाजूला गेला आणि एका कंपनीत लागला. खेळातील दोष शोधण्याचे काम. ती कंपनी पैसे लावून खेळावयाचे पत्त्यांचे खेळ चालवीत असे. वडिलांना त्याने एवढेच सांगितले होते की संगणकाचे काम आहे. पत्त्यांचे सांगितले नव्हते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस त्याचा फोन आला. “सर, आज सकाळी पडद्यावर मीटिंग घेतली. दोनशे जण होतो. साहेब सात मिनिटं बोलले, मग म्हणाले, तुमच्या मेलवर पत्र येईल.” मी विचारले, साहेब म्हणजे कोण? तो म्हणाला, “नवे आहेत सर. जुने मागच्या वर्षी गेले. हे कुठून आले ते आम्हांला माहीत नाही.”

हे वाक्य मी लिहून ठेवले. दोनशे माणसांच्या पोटापाण्याचा निर्णय सात मिनिटांत सांगणारा मनुष्य कोठून आला, हे त्या दोनशेंपैकी कोणाला ठाऊक नव्हते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूक संचालक मंडळाच्या ठरावाने होते. मोठ्या कंपन्यांत त्याआधी नामनिर्देशन व वेतन समिती नावे सुचविते. या समितीवर कंपनीचे रोजचे काम न पाहणारे संचालक असतात, आणि त्यांतील निदान अर्धे ‘स्वतंत्र’ असावे लागतात. तो व्यवस्थापकीय संचालकही असेल तर नेमणूक भागधारकांच्या मंजुरीला जाते आणि एका वेळी पाच वर्षांहून अधिक मुदत देता येत नाही. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीने बातमी बाजाराला तत्काळ कळवावी लागते. पद रिकामे झाले तर तीन महिन्यांत भरावे, असा सेबीचा नियम २०२३ मध्ये झाला. कलमे नीटस आहेत. गुंतवणूकदाराला अंधारात ठेवू नये यासाठी कायदेकर्त्यांनी किती काळजी घेतली आहे, हे पाहून कौतुक वाटते. मात्र या सर्व कलमांत ‘कामगार’ हा शब्द मला सापडला नाही. ‘स्वतंत्र’ संचालक म्हणजे मालकापासून स्वतंत्र. कामगारांच्या बाजूचा नव्हे.

आता आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी १९९९ साली नोंदली गेली. संस्थापक नितीश मित्तरसेन तेव्हा विशीच्याही आतले होते. मोबाइलवरच्या साध्या खेळांपासून ही कंपनी वाढली. क्रिकेटचा एक अतिशय लोकप्रिय खेळ बनविणारी चेन्नईची नेक्स्ट वेव्ह आणि लहान मुलांचे खेळ बनविणारी पेपर बोट अशा कंपन्या तिने घेतल्या. २०१५ मध्ये मनीष अगरवाल यांना, म्हणजे बाहेरच्या व्यावसायिकाला, मुख्य कार्यकारी केले गेले. ते आधी रिलायन्सच्या गेम कंपनीचे प्रमुख होते. २०२१ च्या मार्चमध्ये नझाराने शेअर बाजारात पाऊल टाकले. ११०१ रुपयांना एक भाग, एकूण सुमारे ५८३ कोटींची विक्री, आणि मागणी शंभरपटीहून कितीतरी अधिक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट टिपून घ्यावी: ही सर्व विक्री जुन्या भागधारकांनी आपल्या हातातील भाग विकण्याची होती. ५८३ कोटींपैकी एकही रुपया नवा खेळ बनविण्यासाठी कंपनीच्या तिजोरीत आला नाही. वर्तमानपत्रांनी मात्र ‘भारतीय गेम उद्योगात भांडवलाचा ओघ’ अशा थाटात बातम्या दिल्या.

२०२२ मध्ये अगरवाल पद सोडणार असे जाहीर झाले आणि वर्षअखेरीस संस्थापक मित्तरसेन यांनीच मुख्य कार्यकारी पद हाती घेतले. यात बेकायदेशीर काही नाही, आणि अनुचित आहे असेही मी म्हणत नाही. स्वतः उभारलेल्या घराचा कारभार घरधन्याने पुन्हा हाती घ्यावा, हे आपल्याकडे कोणालाही स्वाभाविकच वाटेल. माझा प्रश्न निवडीच्या परिणामांविषयी आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नझाराने पोकरबाझी हा पैसे लावून खेळण्याचा पत्त्यांचा खेळ चालविणाऱ्या मूनशाइन टेक्नॉलॉजीज या कंपनीत सुमारे ४७.७ टक्के हिस्सा घेण्यासाठी ८३२ कोटी रुपये मोजण्याचे ठरविले, आणि त्यावर आणखी १५० कोटींची भर घातली. अकरा महिन्यांनी, २० आणि २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळविण्याचा धंदा गुन्हा ठरला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. नझाराने आपल्या हिशेबात या धंद्याचे उत्पन्न धरलेले नाही असे सांगितले, आणि ते खरेही होते. परंतु गुंतविलेल्या रकमेपैकी नऊशे कोटींच्या वर रक्कम त्याच तिमाहीच्या हिशेबात बुडीत दाखवावी लागली.

कोणी म्हणेल, कायदा येणार हे कोणास ठाऊक होते? हे पुरते खरे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांच्या पूर्ण ठेवीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला होता. तामिळनाडूसारख्या राज्यांनी बंदीचे कायदे करून पाहिले होते. आकाशात ढग होते. पण जुगाराच्या कडेकडेने चालण्यात धोका किती, हे ज्यांना संध्याकाळी चुलीपाशी बसून कळत होते, ते त्या सभेत बसलेले नव्हते.

तो कायदा मला पसंत आहे, हे मी येथे स्पष्ट करून ठेवतो. मोहाडी तालुक्यातील एका घरी मी गेलो होतो. मुलाने धानाचे चुकारे खात्यात जमा झाल्या दिवशी मोबाइलवर रमी खेळायला सुरुवात केली आणि चार दिवसांत हंगामाचे पैसे गेले. आईने मला विचारले, “गुरुजी, पत्ते खेळायला माणूस तर समोर दिसला पाहिजे ना? हा कोणाशी हरला?” या प्रश्नाचे उत्तर देणे मला जड गेले. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक या नादात वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने त्या वेळी दिला होता. अंदाज थोडा इकडेतिकडे असेल, पण मोहाडीच्या त्या घरातले नुकसान अंदाजाचे नव्हते.

परंतु कायदा आला त्या आठवड्यात काय झाले पाहा. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय क्रिकेट संघाचे प्रायोजकत्व सोडले. बंगळुरूच्या मोबाइल प्रीमियर लीगने भारतातील सुमारे साठ टक्के नोकरवर्ग कमी करण्याचे ठरविल्याची बातमी आली. माझा लाखांदूरचा विद्यार्थीही त्याच लाटेत गेला. मोहाडीचा मुलगा आणि लाखांदूरचा मुलगा; एकाने पैसे गमावले, दुसऱ्याने नोकरी. एकाच धंद्याने दोघांना गाठले, आणि तो धंदा करावा की नाही हे ठरविणारा मनुष्य निवडताना दोघांपैकी कोणालाही विचारले गेले नव्हते. ज्याने धोका पत्करला त्याचे पद बहुतेक ठिकाणी शाबूत राहिले. भांडवलशाहीचे समर्थक सांगतात की जो धोका पत्करतो त्याला नफा मिळतो. आम्ही वर्गात हेच शिकविले. प्रत्यक्षात धोका कोणी पत्करला आणि कोणी भोगला, याचा जमाखर्च पाठ्यपुस्तकात नव्हता.

पैशाचे खेळ सोडून द्या. निर्मळ खेळ बनविणाऱ्यांचीही गत पाहू. युबीसॉफ्ट ही फ्रान्सची कंपनी. पाच गिलमो बंधूंनी १९८६ मध्ये काढलेली. त्यांतील ईव्ह गिलमो हे तिचे प्रमुख. या कंपनीची २००८ पासून पुण्याला आणि २०१८ पासून मुंबईला कार्यालये. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जगप्रसिद्ध खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम याच पुणे-मुंबईच्या मंडळींकडे आले, तेव्हा आपल्या मुलांना केवढा अभिमान वाटला होता! २०२० मध्ये ते जाहीर झाले, पडद्यावरचे नमुने पाहून लोकांनी नावे ठेवली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ च्या मे महिन्यात काम माँट्रियलच्या कार्यालयाकडे वळविण्यात आले. कदाचित काम कमी दर्जाचे झाले असेल. मला त्यातले कळत नाही. पण पहिल्याच मोठ्या कामाला वेळ किती दिला, माणसे किती दिली, हे ठरविणारेही वरचेच होते. २०२५ मध्ये याच कंपनीने आपले सर्वांत कमावते तीन खेळ एका वेगळ्या उपकंपनीत घातले. टेन्सेंट या चिनी कंपनीने तेथे ११६ कोटी युरो गुंतविले. आणि तिच्या दोन सहप्रमुखांपैकी एक म्हणून ईव्ह यांचे चिरंजीव चार्ली गिलमो यांची निवड झाली. आपल्याकडे पुढाऱ्याच्या मुलाला तिकीट मिळाले की इंग्रजी वर्तमानपत्रे घराणेशाहीवर अग्रलेख लिहितात. कंपनीत हाच प्रकार झाला की त्याला वारसा-नियोजन म्हणतात. मुलगा लायक असेलही. लायक नाही असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. आणि पुण्यात बसून त्या खेळासाठी रात्री जागविणाऱ्यालाही नाही, एवढाच मुद्दा आहे.

येथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो प्रामाणिकपणे घ्यावयास हवा. या उद्योगातील सर्वांत यशस्वी निवड एका हुकूमशहाने केलेली आहे. जपानच्या क्योटो शहरातील निन्टेंडो ही १८८९ पासूनची, मुळात पत्ते बनविणारी कंपनी. हिरोशी यामाउची यांनी १९४९ ते २००२ अशी त्रेपन्न वर्षे ती एकहाती चालविली. त्यांनी वारस म्हणून घराण्याबाहेरचा मनुष्य निवडला: सातोरू इवाता. इवाता हे स्वतः संहिता लिहिणारे कारागीर. दिवाळखोरीच्या काठावर आलेली हॅल नावाची छोटी कंपनी त्यांनी १९९३ नंतर सावरली होती. त्यांच्या कारकिर्दीत डीएस आणि वी ही यंत्रे निघाली आणि ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता अशा आजीबाईही खेळू लागल्या. पुढे वाईट दिवस आले, तेव्हा इवातांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये आपला पगार निम्म्यावर आणला. माणसे कमी करा असा गुंतवणूकदारांचा सूर असता त्यांनी उलट सांगितले की नोकरी जाण्याच्या भीतीत वावरणारी माणसे लोकांच्या मनाला भिडेल असे काही निर्माण करू शकत नाहीत. २०१५ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते वारले, तेव्हा जगभरची मुले हळहळली. कंपनीच्या प्रमुखासाठी मुलांनी हळहळावे, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

तेव्हा निवड चांगली होण्यासाठी मतदानच हवे असे नाही, हे मान्य केले पाहिजे. पण इवाता निवडले गेले ते यामाउचींच्या लहरीने. ती लहर चांगली होती. दुसरी लहर वाईट असती, तर क्योटोच्या कामगारांपाशी उपाय काय होता? राजा चांगला असणे हा राजेशाहीच्या बाजूचा युक्तिवाद नव्हे, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकलो. अर्थशास्त्राच्या तासाला मात्र विसरलो.

उपाय नसला म्हणजे काय होते, ते अमेरिकेत दिसले. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या बलाढ्य कंपनीचे बॉबी कॉटिक हे १९९१ पासूनचे प्रमुख. २०२१ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय यंत्रणेने कंपनीत स्त्रियांशी भेदभाव व छळ होतो असा दावा लावला. काही दिवसांतच कर्मचाऱ्यांनी काम बंद केले. नोव्हेंबरमध्ये कॉटिक यांना हे प्रकार ठाऊक होते अशी बातमी आली आणि हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी त्यांच्या राजीनाम्याच्या मागणीवर सह्या केल्या. संचालक मंडळाने कॉटिक यांच्यावर विश्वास व्यक्त केला. २०२३ च्या अखेरीस दावा तडजोडीने मिटला आणि छळाच्या व्यापक आरोपांचा आग्रह यंत्रणेने सोडला, हेही नमूद करणे न्याय्य होईल. पण कॉटिक गेले ते सह्यांमुळे नव्हे. २०२२ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ६८७० कोटी डॉलरना कंपनी घेण्याचे जाहीर केले, २०२३ च्या ऑक्टोबरात व्यवहार पुरा झाला, आणि डिसेंबरअखेरीस कॉटिक बाहेर पडले. हजार सह्यांनी जे झाले नाही ते विक्रीखताने झाले. मात्र त्याच कंपनीच्या विस्कॉन्सिनमधील रेव्हन कार्यालयात, खेळांतील दोष शोधणाऱ्या दोन-अडीच डझन मुलामुलींनी २०२२ च्या मे महिन्यात एकोणीस विरुद्ध तीन मतांनी आपली संघटना स्थापन केली. माझा विद्यार्थी करी तेच काम करणारी ही मुले. ही बातमी मी त्याला सांगितली तेव्हा तो हसला. म्हणाला, “सर, आमच्यात तर एकमेकांचा पगार विचारायची सोय नाही.”

मग काय करावे? मागणी नवी नाही. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. हेच मंडळ कंपनीचे चालक नेमते, आणि पहिल्या फेरीत दोन-तृतीयांश मते लागतात. म्हणजे केवळ भागधारकांच्या बळावर पहिल्या फेरीत कोणी निवडून येत नाही. शेवटी अध्यक्षाच्या जादा मताने मालकांचेच खरे होऊ शकते, पण तोपर्यंत बोलणी करावी लागतात, उमेदवाराला कामगारांपुढे उभे राहावे लागते. गंमत अशी की त्याच १९७६ साली आपल्या घटनेतही कलम ४३अ आले: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. आणीबाणीच्या अंधारात, बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेले हे कलम. त्या दुरुस्तीविषयी आमच्या पिढीला प्रेम असण्याचे कारण नाही, परंतु एवढे कलम मात्र जतन करण्यासारखे होते. १९९० मध्ये त्यासाठी विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा कधीच झाला नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या मंडळांवर कामगार-संचालक होते, तर २०१४ नंतर त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्या गेल्या. फ्रान्समध्ये मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर एक-दोन कामगार प्रतिनिधी बसतात. युबीसॉफ्टच्या गोष्टीवरून दिसते की एक-दोघांनी भागत नाही. निवड समितीतच निम्म्या जागा हव्यात.

‘पोरांना निवडू दिले तर ती रजा जास्त देणारा साहेब निवडतील,’ असे माझे एक व्यापारी मित्र म्हणाले. मी त्यांना आपल्या मामा तलावांवरच्या मच्छीमार संस्थांची आठवण दिली. एक सभासद, एक मत. ढिवर बांधव आपला अध्यक्ष निवडतात; कधी चांगला निघतो, कधी ठेकेदाराच्या खिशातला निघतो. पण बोटुकली कधी सोडावी आणि जाळे कधी टाकावे हे न समजणारा मनुष्य ते सहसा निवडत नाहीत, कारण तलाव आटला तर उपाशी तेच राहणार असतात. आणि निवड चुकते म्हणून निवडण्याचा हक्कच काढून घ्यावा, तर भंडाऱ्याने काय म्हणावे? १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघातून अशोक मेहता लोकसभेवर गेले आणि बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला. तो पराभव आजही या मातीला सलतो. पण तो कोणी केला हे आपल्याला ठाऊक आहे, आपण आजही त्याबद्दल एकमेकांना जाब विचारतो. कंपनीच्या समितीने केलेल्या चुकीबद्दल जाब कोणाला विचारावा?

आणखी एक गोष्ट येथे जमलेल्या शिक्षकबंधूंसाठी. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची निवृत्तिवेतनाची कपात राष्ट्रीय पेन्शन योजनेत जाते आणि तिचा काही भाग शेअर बाजारात. म्युच्युअल फंडांत महिना पाचशे भरणारेही येथे असतील. हे फंड कंपन्यांचे भागधारक असतात, आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या नेमणुकीचा ठराव आला की मत देतात. म्युच्युअल फंडांनी कसे मत दिले ते त्यांना प्रसिद्धही करावे लागते. म्हणजे मित्रहो, मुंबईच्या कोणत्या तरी कंपनीचा प्रमुख निवडताना लाखनीच्या एखाद्या मास्तरांच्या पैशाने हात वर केलेला असणे शक्य आहे. मास्तरांना मात्र त्याचा पत्ता नाही. फंडाला पत्र लिहून ‘आमच्या पैशाने तुम्ही कोणाला निवडले?’ असे विचारता येते. मी दोन पत्रे लिहिली आहेत. एकाचे उत्तर आले. त्यात संकेतस्थळावरची एक लांबलचक यादी पाहावी असे होते. ती मी पाहिली. बहुतेक सगळीकडे ‘बाजूने’ असाच शेरा होता.

लाखांदूरचा तो विद्यार्थी रोवणीच्या दिवसांत घरी होता. आता त्याला नागपूरच्या एका कंपनीकडून मुलाखतीचे बोलावणे आले. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ असे विचारण्याची हल्ली पद्धत आहे. मी त्याला म्हटले, विचार की तुमचा मुख्य कार्यकारी अधिकारी कोण निवडतो, आणि तो बदलला तर आम्हांला कधी कळते. परवा तो भेटला. नोकरी मिळाली होती. मी विचारले, प्रश्न केलास का? म्हणाला, “नाही सर. ओठावर आला होता. पण समोर जे बसले होते, तेच ते होते.”